एक इलेक्ट्रॉन आणि दहा लाख केंद्रके

माटुंग्याच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प करताना तुम्ही गॅलियम आर्सेनाइडमधील क्वांटम डॉटवरचे, म्हणजे एकेक इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या सूक्ष्म कप्प्यावरचे, दोन शोधनिबंध वाचले. इलेक्ट्रॉनच्या स्पिनची (त्याच्या अंगभूत चुंबकत्वाची) कलासंबद्धता, म्हणजे ठरलेल्या तालात फिरत राहण्याची क्षमता, जिला आम्ही प्रयोगशाळेत सरळ कोहेरन्स म्हणतो, ती एका निबंधानुसार सुमारे १० नॅनोसेकंदांत संपते. दुसऱ्यात मात्र त्याच पदार्थात आणि तशाच डॉटमध्ये ती २०० मायक्रोसेकंदांहून अधिक टिकल्याचे म्हटले आहे, म्हणजे फरक वीस हजार पटींचा. दोन्हीकडे दोष केंद्रकांच्या स्पिनवर टाकलेला आहे. केंद्रकाचे चुंबकीय परिबल इलेक्ट्रॉनच्या तुलनेत नगण्य असताना ती एवढा उपद्रव कसा करतात, मिलिकेल्विन तापमानाला नेल्यावर ती गोठून एका दिशेला का लागत नाहीत, आणि या दोन आकड्यांपैकी खरा कोणता, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी, सिलिकॉन वापरल्याने हा सगळा प्रश्न मिटत नाही का, अशीही शंका आहे.

दोन्ही आकडे खरे आहेत, आणि ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. १० नॅनोसेकंद हा आकडा आपल्याला केंद्रकांच्या चुंबकीय क्षेत्राविषयी किती कमी माहिती आहे ते सांगतो; २०० मायक्रोसेकंद हा आकडा ते क्षेत्र स्वतः किती सावकाश बदलते ते सांगतो. गेली बावीस वर्षे मी अतिशीत तापमानातील मोजमापे करत आले आहे, आणि या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा याच जागी होतो: केंद्रकांना ते उष्णतेसारखा, क्षणोक्षणी बदलणारा गोंगाट समजतात. तसा तो नाही.

आता तुमच्या पहिल्या शंकेकडे येते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १,८३६ पट जड असल्यामुळे केंद्रकीय मॅग्नेटॉन (केंद्रकाच्या चुंबकत्वाचे एकक) हा बोर मॅग्नेटॉनपेक्षा (इलेक्ट्रॉनच्या एककापेक्षा) तेवढ्याच पटीने लहान असतो, हे बरोबर आहे. दोन लहान चुंबक एकमेकांपासून दूर ठेवल्यासारखा हा प्रश्न असता, तर तुमचा अंदाज योग्य ठरला असता. परंतु गॅलियम आर्सेनाइडच्या वहनपट्ट्यातील इलेक्ट्रॉनचे तरंगफलन प्रत्येक अणूपाशी एस-कक्षेसारखे असते, आणि एस-कक्षेचा इलेक्ट्रॉन थेट केंद्रकाच्या ठिकाणी सापडण्याची शक्यता शून्य नसते. उलट जड अणूंमध्ये तेथे तरंगफलन चांगलेच उंचावलेले असते. एन्रिको फर्मी यांनी १९३० मध्ये दाखवून दिलेली संपर्क-आंतरक्रिया ती हीच. तिची ताकद दोन चुंबकांमधील अंतरावर नव्हे, तर केंद्रकाच्या जागी इलेक्ट्रॉनची घनता किती आहे यावर ठरते. हीच आंतरक्रिया केंद्रकाच्या बाजूने पाहिली तर धातूंमध्ये केंद्रकीय अनुस्पंदनाची (एनएमआरची) रेषा सरकलेली दिसते. वॉल्टर नाइट यांनी ते १९४९ मध्ये पाहिले आणि त्या सरकण्याला त्यांचेच नाव मिळाले.

आकडे घालून पाहू, कारण या विषयात ढोबळ गणित फार लांबपर्यंत साथ देते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये दर घन नॅनोमीटरमागे सुमारे ४४ अणू असतात. धातूच्या गेटवर व्होल्टेज लावून तयार केलेला डॉट ५० नॅनोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १० नॅनोमीटर जाड धरला, तर त्यात साधारण ११ लाख अणू येतात. गॅलियमचे दोन्ही स्थिर समस्थानिक, ६९ आणि ७१, तसेच आर्सेनिकचा एकुलता एक स्थिर समस्थानिक ७५, या तिन्हींचा स्पिन ३/२ आहे. म्हणजे एकही केंद्रक शांत नाही. संपर्क-आंतरक्रियेचा स्थिरांक सरासरी ९० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट घ्या, इलेक्ट्रॉनचा जी-गुणक (क्षेत्राला त्याचा चुंबक किती प्रतिसाद देतो ते सांगणारी संख्या) उणे ०.४४ घ्या, आणि सर्व केंद्रके एकाच दिशेला वळली आहेत असे समजा: इलेक्ट्रॉनला जाणवणारे क्षेत्र ५ टेस्लापेक्षा थोडे जास्त भरते. या कल्पित महत्तम क्षेत्राची एवढी मोठी किंमत पाहूनच विद्यार्थी दचकतात. प्रत्यक्षात केंद्रकांच्या दिशा विखुरलेल्या असतात आणि त्यांची बेरीज जवळजवळ शून्य होते. पण ‘जवळजवळ’ या शब्दातच सगळा त्रास आहे. दहा लाख नाणी उडवली तर छापा आणि काटा यांच्या संख्येत हजाराच्या आसपास फरक राहतो. तसाच येथे सुमारे हजाराव्या भागाएवढा असमतोल उरतो, आणि ५ टेस्लाचा हजारावा भाग म्हणजे काही मिलिटेस्ला. नेमके गणित केले तर प्रत्येक अक्षावर ४ मिलिटेस्लाच्या जवळपास येते. एवढ्या अनिश्चित क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या परिवलनाची (क्षेत्राभोवती स्पिन फिरण्याची) वारंवारता सुमारे २५ मेगाहर्ट्झने अनिश्चित होते, आणि त्यातून कोहेरन्सचा काळ ९ ते १० नॅनोसेकंद निघतो. तुमच्या पहिल्या निबंधातला आकडा हाच. त्यासाठी कोणतीही गूढ यंत्रणा लागत नाही. मेर्कुलोव, एफ्रॉस आणि रोझेन यांनी २००२ मध्ये हेच चित्र नीट मांडले, आणि त्याच वर्षी खाएट्स्की, लॉस व ग्लॅझमन यांचे काम आले.

हे क्षेत्र खरोखर आहे याचा एक देखणा पुरावा प्रवाहाच्या साध्या मोजमापातून मिळतो. दोन डॉट शेजारी ठेवून प्रत्येकात एकेक इलेक्ट्रॉन असला आणि दोघांचे स्पिन ट्रिप्लेट अवस्थेत (ढोबळपणे, समांतर) असले, तर पाउलीच्या नियमामुळे एक इलेक्ट्रॉन दुसऱ्या डॉटमध्ये जाऊ शकत नाही आणि प्रवाह अडतो. परंतु दोन डॉटमधली केंद्रके वेगवेगळी असल्याने त्यांची क्षेत्रेही वेगळी असतात, त्या फरकामुळे ट्रिप्लेट आणि सिंग्लेट (परस्परविरुद्ध स्पिनची) अवस्था मिसळतात आणि शून्य क्षेत्राजवळ थोडा प्रवाह गळत राहतो. बाहेरून काही मिलिटेस्ला क्षेत्र लावले की तीनपैकी दोन ट्रिप्लेट अवस्था ऊर्जेने दूर जातात आणि गळती घटते. डेल्फ्टच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या आलेखाची रुंदी पाहिली की केंद्रकांचे क्षेत्र जणू फूटपट्टीने मोजल्यासारखे वाटते.

तापमानाविषयीची तुमची अपेक्षा स्वाभाविक आहे, पण ती इलेक्ट्रॉनला लागू पडते, केंद्रकाला नाही. १ टेस्ला क्षेत्रात गॅलियम आर्सेनाइडमधील इलेक्ट्रॉनच्या दोन पातळ्यांमधले अंतर सुमारे ६ गिगाहर्ट्झ, म्हणजे तापमानाच्या भाषेत ०.३ केल्विन असते. म्हणून १०० मिलिकेल्विनला त्याचा स्पिन ९० टक्के तरी एका बाजूला झुकतो. त्याच क्षेत्रात केंद्रकाच्या पातळ्यांमधले अंतर १० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे अवघे अर्धा मिलिकेल्विन. डायल्यूशन फ्रिजच्या (मिलिकेल्विनपर्यंत थंड करणाऱ्या यंत्राच्या) तबकडीवर १० मिलिकेल्विन दिसत असले तरी चिपमधले इलेक्ट्रॉन बहुधा ५० ते १०० मिलिकेल्विनला असतात, आणि त्या तापमानाला केंद्रकांचे ध्रुवीकरण, म्हणजे एका दिशेला असलेला कल, एक टक्क्यालाही पोहोचत नाही. केंद्रकांच्या दृष्टीने आमचा तो महागडा फ्रिज म्हणजे मे महिन्यातली दुपारच.

आता मुख्य मुद्दा. हे क्षेत्र अज्ञात असले तरी मंद आहे, आणि किती मंद ते पाहण्यासाठी चार घड्याळे लक्षात ठेवावीत. इलेक्ट्रॉन केंद्रकांच्या क्षेत्रात फिरतो तो दहा ते शंभर नॅनोसेकंदांच्या काळात. उलट एकेका केंद्रकाला इलेक्ट्रॉनचे जे क्षेत्र जाणवते ते दहा लाखांत वाटले गेलेले असते, त्यामुळे त्याचा काळ मायक्रोसेकंदांत जातो. शेजारच्या दोन केंद्रकांची आपसातली द्विध्रुव आंतरक्रिया त्याहून दुबळी; तिचा काळ १०० मायक्रोसेकंदांच्या घरातला. आणि डॉटमधले ध्रुवीकरण आजूबाजूच्या स्फटिकात पाझरून जायला सेकंद, कधी मिनिटे लागतात. इलेक्ट्रॉन आणि केंद्रक यांनी एकमेकांशी स्पिनची थेट अदलाबदल करावी म्हटले तर बाहेरच्या क्षेत्रात ते ऊर्जेला परवडत नाही: इलेक्ट्रॉनला गिगाहर्ट्झमध्ये हिशेब द्यायचा असतो आणि केंद्रकाच्या खिशात मेगाहर्ट्झ असतात.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडणाऱ्याला हे चटकन समजेल. वर्षभराची पाण्याची पातळी एकत्र मांडली तर ती कित्येक मीटरने अनिश्चित आहे असे म्हणावे लागेल; धक्क्याच्या किती पायऱ्या उतराव्या लागतील ते घरी बसून सांगता येणार नाही. पण तुम्ही पायरीवर उभे राहून पाऊल टाकता त्या क्षणी पाणी जागचे हलत नाही. १० नॅनोसेकंद हा आकडा वर्षभराच्या सरासरीतून येतो. प्रयोग एकदा करून भागत नाही, तो हजारो वेळा करावा लागतो, प्रत्येक वेळी पातळी निराळी असते, आणि सगळ्या मोजमापांची बेरीज केली की दोलने पुसली जातात. एकेका मोजमापात मात्र इलेक्ट्रॉनने काहीच विसरलेले नसते.

म्हणूनच प्रतिध्वनी चालतो. एर्विन हान यांनी १९५० मध्ये केंद्रकीय अनुस्पंदनासाठी शोधलेली ही युक्ती येथे जशीच्या तशी लागू पडते: मध्यावर स्पिन उलटा करायचा, म्हणजे पहिल्या अर्ध्यात अज्ञात क्षेत्राने जेवढी कला वाढवली तेवढीच दुसऱ्या अर्ध्यात वजा होते. क्षेत्र किती होते हे कळण्याची गरजच राहत नाही, ते दोन्ही अर्ध्यांत सारखे होते एवढे पुरते. हार्वर्डमधील पेटा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १० नॅनोसेकंदांचा काळ अशा रीतीने १.२ मायक्रोसेकंदांपर्यंत नेला. त्यांचा क्युबिट, म्हणजे क्वांटम माहितीचा एकक, एका इलेक्ट्रॉनचा नसून दोन इलेक्ट्रॉनांच्या सिंग्लेट-ट्रिप्लेट अवस्थांचा होता, त्यामुळे तेथे महत्त्व दोन डॉटमधल्या क्षेत्रांच्या फरकाला येते. निबंध वाचताना हा भेद सुटू देऊ नका. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये स्पिन एकदाच उलटवून ३० मायक्रोसेकंद आणि तो अनेकदा उलटवून २०० मायक्रोसेकंदांहून अधिक काळ गाठला. तुमचा दुसरा निबंध त्यांचाच दिसतो.

त्या निबंधातला सर्वांत सुंदर आलेख बहुतेक वाचक घाईत ओलांडून जातात. प्रतिध्वनीची उंची काळानुसार एकसारखी उतरत नाही. ती कोसळते, पुन्हा उभी राहते, पुन्हा कोसळते. याचे कारण तिन्ही समस्थानिकांच्या स्वतःच्या परिवलनात आहे. १ टेस्लाला आर्सेनिक-७५ सुमारे ७.३ मेगाहर्ट्झने, गॅलियम-६९ सुमारे १०.२ ने आणि गॅलियम-७१ सुमारे १३.० ने फिरते. बाहेरच्या क्षेत्राला काटकोनात असलेला केंद्रक-क्षेत्राचा भाग या तीन घटकांचा बनलेला असतो, त्यांच्यात ठोके पडतात, म्हणजे त्यांची बेरीज आळीपाळीने वाढते आणि घटते, आणि प्रतिध्वनीच्या दोन्ही अर्ध्यांत ठोक्यांची पूर्ण आवर्तने बसली की हिशेब पुन्हा जुळतो. योगायोगाने या वारंवारतांमधले फरक एकमेकांच्या जवळ आहेत, १०.२ आणि ७.३ मधला फरक तसेच १३.० आणि १०.२ मधला फरक पाहा. त्यामुळे पुनरुज्जीवनाच्या वेळाही बऱ्याच अंशी एकत्र येतात. मालिनोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेमका याच गोष्टीचा फायदा घेतला. स्पिन उलटवण्याच्या वेळा या फरकांशी जुळवून त्यांनी केंद्रकांच्या वारंवारतांनाच चाळणी लावली आणि काळ ०.८७ मिलिसेकंदांवर नेला. ज्याला गोंगाट म्हणायचे त्याच्या अंगी इतकी शिस्त असते, हे पाहून पहिल्यांदा मलाही नवल वाटले होते.

दुसरा मार्ग पातळी मोजून घेण्याचा. क्षेत्र मिलिसेकंदांपेक्षा मंद बदलत असेल, तर शेकडो झटपट मोजमापे करून त्याची चालू किंमत काढायची आणि ती जुनी होण्याआधीच क्युबिटची वारंवारता त्यानुसार दुरुस्त करायची. शुलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे प्रत्यक्ष वेळेत करून दाखवले आणि प्रतिध्वनीशिवाय मिळणारा काळ २ मायक्रोसेकंदांच्या वर नेला. त्यांनी डॉट बदलला नाही, केंद्रकेही बदलली नाहीत. फक्त माहिती वाढवली, आणि १० नॅनोसेकंदांचा काळ शेकडो पटींनी वाढला. पहिला आकडा माहितीच्या अभावाचा आहे, या माझ्या विधानाला याहून सरळ आधार मला तरी ठाऊक नाही.

केंद्रकांना ढकलून एका दिशेला लावावे, हा विचार सर्वांना सुचतो. इलेक्ट्रॉनचे ध्रुवीकरण केंद्रकांकडे जाऊ शकते हे अल्बर्ट ओव्हरहाउजर यांनी १९५३ मध्ये सांगितले तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी त्याच वर्षी लिथियममध्ये ते करून दाखवले. पण कोहेरन्स वाढवण्यासाठी हा मार्ग कंजूष आहे. केंद्रकांचा स्पिन १/२ धरला आणि ध्रुवीकरण पी असले, तर क्षेत्राची अनिश्चितता एक वजा पी-वर्ग याच्या वर्गमुळाने कमी होते. ९० टक्के ध्रुवीकरणाने काळ जेमतेम २.३ पट वाढतो. १० पट हवा असेल तर ९९.५ टक्के लागते. अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडमधल्या डॉटमध्ये प्रकाशाच्या साहाय्याने ९५ टक्क्यांपलीकडे ध्रुवीकरण झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ती मोठी कामगिरी आहे. तरीही नुसत्या कोहेरन्ससाठी मी हा रस्ता कोणाला सुचवणार नाही. क्षेत्र मोठे करण्यापेक्षा त्याचे विखुरणे कमी करणे स्वस्त पडते, आणि इलेक्ट्रॉनची प्रतिक्रिया वापरून केंद्रकांना एका ठरावीक किमतीपाशी आणून बसवण्याचे बरेच प्रयोग यशस्वी झाले आहेत.

या प्रतिक्रियेने मला एकदा चांगलेच फसवले आहे. संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही सूक्ष्मतरंगांची वारंवारता स्थिर ठेवून चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत स्पिन-अनुस्पंदनाची रेषा शोधत होतो. क्षेत्र वाढवत नेताना ती एका जागी सापडे, कमी करत आणताना दुसऱ्या जागी. चुंबकाला वीजप्रवाह पुरवणारे उपकरण बिघडले असणार, असे मी ठामपणे सांगितले. ऐन पावसाळ्यात ते पेटीत घालून दुरुस्तीला पाठवले, तीन आठवडे हेलियम वाया गेला, आणि उपकरण निर्दोष असल्याच्या चिठ्ठीसह परत आले. दोष माझ्या घाईचा होता. अनुस्पंदनात असलेला इलेक्ट्रॉन केंद्रकांचे ध्रुवीकरण करत होता, त्यामुळे बदललेले क्षेत्र रेषेला आमच्या बरोबर ओढत नेत होते, आणि आम्ही कुठल्या दिशेने आलो यावर तिचा मुक्काम ठरत होता. ओनो आणि तारुचा यांनी २००४ मध्ये अडलेल्या प्रवाहात मिनिटांच्या संथ गतीने चालणारी दोलने दाखवली होती, ती मी वाचलीही होती. वाचलेले हातात उतरायला वेळ लागतो.

तेव्हापासून अशी रेषा दिसली की मी ठरलेल्या क्रमाने तपासते. सूक्ष्मतरंग बंद करून दहा मिनिटे थांबायचे आणि मग झटकन पाहायचे: रेषा मूळ जागी परतली असेल तर केंद्रके, तशीच सरकलेली राहिली असेल तर बहुधा चुंबकात अडकलेले क्षेत्र. त्यानंतर गेटवर क्षीण रेडिओलहरी सोडून तिची वारंवारता वर दिलेल्या तीन किमतींवरून फिरवायची. एखाद्या किमतीला रेषा उडी मारून मागे गेली, तर गुन्हेगार सापडला आणि तो कोणत्या समस्थानिकाचा तेही समजले. चुंबकाला, केबलला किंवा विजेच्या जोडणीला ७.३ मेगाहर्ट्झशी काही देणेघेणे नसते.

सिलिकॉनच्या शंकेला उत्तर देण्याआधी आवर्तसारणीकडे पाहा. ज्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत असतात त्याचा स्पिन शून्य असतो, कारण सगळ्यांच्या जोड्या लागतात. तिसऱ्या आणि पाचव्या गटांतील अर्धवाहक मूलद्रव्यांचे अणुक्रमांक विषम आहेत: अॅल्युमिनियम १३, फॉस्फरस १५, गॅलियम ३१, आर्सेनिक ३३, इंडियम ४९, अँटिमनी ५१. त्यांच्या एकाही स्थिर समस्थानिकाचा स्पिन शून्य नाही, म्हणून तेथे कितीही खर्च केला तरी केंद्रके गाळून काढता येत नाहीत. चौथ्या गटातील कार्बन ६, सिलिकॉन १४, जर्मेनियम ३२, हे सम आहेत. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये स्पिन असलेला समस्थानिक एकच, सिलिकॉन-२९, आणि तोही ४.७ टक्के. नैसर्गिक सिलिकॉनमध्येच प्रतिध्वनीशिवायचा काळ मायक्रोसेकंदाच्या आसपास पोहोचतो. सिलिकॉन-२९ चे प्रमाण दशलक्षात ८०० पर्यंत खाली आणल्यावर सिडनीच्या गटाने २०१४ मध्ये प्रतिध्वनीशिवाय १२० मायक्रोसेकंद आणि स्पिन अनेकदा उलटवून २८ मिलिसेकंद मोजले. किलोग्रॅमची नवी व्याख्या ठरवण्यासाठी अवोगाद्रो प्रकल्पात जे अतिशुद्ध सिलिकॉन-२८ तयार झाले, त्याच्या तुकड्यात फॉस्फरसच्या केंद्रकाने २०१२ मध्ये १८० सेकंदांचा कोहेरन्स दाखवला. एका वजनाच्या व्याख्येसाठी घडवलेला स्फटिक स्पिनच्या अभ्यासकांना असा लाभला.

म्हणजे प्रश्न मिटला का? कोहेरन्सपुरता बऱ्याच अंशी मिटला, आणि आज डॉटमधल्या क्युबिटचे बहुतेक मोठे प्रयत्न सिलिकॉनवर चालले आहेत याचे हे एक ठळक कारण आहे. केंद्रके दूर झाल्यावर आधी झाकलेला विद्युतभाराचा गोंगाट पुढे आला, आणि त्याला गॅलियम आर्सेनाइडमधल्या केंद्रकांइतकी शिस्त नाही. शिवाय सिलिकॉनचा ऊर्जापट्टा अप्रत्यक्ष असल्यामुळे तो प्रकाश नीट सोडत नाही. स्पिनची अवस्था फोटॉनवर चढवून लांब पाठवायची असेल तर इंडियम आर्सेनाइड किंवा गॅलियम आर्सेनाइडकडेच यावे लागते, आणि तेथे केंद्रकांशी जमवून घ्यावे लागते. इंडियम आर्सेनाइडच्या स्वयंरचित डॉटमध्ये अडचण आणखी वाढते. इंडियमचा स्पिन ९/२ आहे, डॉटमध्ये यांत्रिक ताण असतो, आणि १/२ हून मोठ्या स्पिनच्या केंद्रकांना त्या ताणातून निर्माण होणारे विद्युतक्षेत्राचे उतार जाणवतात. प्रत्येक केंद्रकाचा अक्ष थोडा वेगळा होऊन समस्थानिकांची ती सुरेख शिस्त मोडते. तेथे प्रतिध्वनीनेही काही मायक्रोसेकंदच मिळतात. ताण नसलेले, थेंबाने कोरलेल्या खड्ड्यांत वाढवलेले गॅलियम आर्सेनाइडचे डॉट वापरल्यावर केंब्रिजच्या गटाने २०२३ मध्ये ०.११३ मिलिसेकंदांचा काळ दाखवला, हा त्या निदानाला मिळालेला चांगला दुजोरा होय. इलेक्ट्रॉनऐवजी होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरणारी रिकामी जागा, वापरण्याचाही पर्याय आहे: संयुजापट्ट्यातील होल पी-कक्षेचा असतो, केंद्रकाच्या जागी त्याची घनता शून्य असते, संपर्क-आंतरक्रिया नाहीशी होते आणि उरते ती द्विध्रुवाची, इलेक्ट्रॉनच्या तुलनेत साधारण एक दशांश.

मला व्यक्तिशः सर्वांत आशादायक वाटते ती याच्या उलट दिशा. केंद्रके मंद आहेत, एकाकी आहेत, आणि इलेक्ट्रॉनशी त्यांचा पक्का संबंध आहे. मग त्यांचा उपयोग स्मृती म्हणून का करू नये? टेलर, मार्कस आणि लुकिन यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. २०१९ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगात इलेक्ट्रॉनने केंद्रकांच्या समूहात एकच सामूहिक स्पिन-उत्तेजना घातल्याचे दिसले, आणि २०२५ मध्ये सुमारे १३,००० केंद्रकांच्या समूहात इलेक्ट्रॉनची अवस्था ठेवून परत काढण्यापर्यंत काम पोहोचले. साठवणुकीची अचूकता अजून कमी आहे. पण केंद्रकांना हाताळण्यासाठी जी साधने लागतात ती सारी आधी त्यांचा उपद्रव समजून घेताना तयार झाली आहेत.

प्रकल्पासाठी मार्गदर्शन मागितले आहे म्हणून दोन गोष्टी. मुंबईत या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना माणसे आहेत. केंद्रकीय अनुस्पंदनाची परंपरा कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) जुनी आहे. ती उभी करणारे एस. एस. धर्माट्टी हे त्याआधी स्टॅनफर्डमध्ये होते आणि इथेनॉलच्या रेणूतील हायड्रोजनच्या तीन वेगळ्या रेषा दाखवणाऱ्या १९५१ च्या निबंधाचे एक लेखक होते. पवईच्या आयआयटीत राष्ट्रीय क्वांटम मोहिमेतील संवेदन आणि मापन यांचे केंद्र आहे. हिऱ्यातील नायट्रोजन-रिक्ती (नायट्रोजनच्या अणूशेजारी कार्बनची एक रिकामी जागा) हे अशा संवेदनाचे एक साधन, आणि तेथील इलेक्ट्रॉनही १.१ टक्का कार्बन-१३ च्या अशाच शेजारात राहतो. त्यामुळे तुम्ही डॉटसाठी केलेले गणित हिऱ्यालाही थोड्या फरकाने चालेल.

दुसरी गोष्ट गणिताचीच. डायल्यूशन फ्रिज मिळेपर्यंत थांबू नका. संगणकावर यादृच्छिक संख्यांनी ४ मिलिटेस्ला प्रमाण विचलनाची दहा हजार क्षेत्रे काढा, प्रत्येकात एका इलेक्ट्रॉनचे परिवलन लिहा आणि सरासरी घ्या. शून्य बाह्य क्षेत्रात ही सरासरी शून्यावर जात नाही. ती आधी खाली उतरते, मग थोडी वर चढते आणि सुरुवातीच्या किमतीच्या एक तृतीयांशावर स्थिर होते. हा एक तृतीयांश कोठून येतो ते कागदावर तीन ओळींत सिद्ध करता येते, आणि ते तुम्ही स्वतः करावे असे मला वाटते. नंतर बाहेरचे क्षेत्र ५, १०, २० मिलिटेस्ला असे वाढवत न्या, त्या उरलेल्या किमतीचे काय होते ते पाहा आणि आलेख मला पाठवा.